मायलेकींची दहावी

फेब्रुवारीचे शेवटचे दिवस. नारायणगावच्या बाजारात द्राक्षांच्या पाट्या लागल्यात. सकाळी अंगावर शाल घ्यावीशी वाटते आणि अकरा वाजता त्याच शालीचा राग येतो. मी वारूळवाडीत भाड्यानं राहते आणि जवळच्या एका शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते. या दिवसांत वर्गाला एक वेगळाच वास असतो. नव्या गाईडच्या शाईचा, डब्यातल्या मेथीच्या भाजीचा, खोडरबराच्या चुऱ्याचा. काल उजळणीला मी फळ्यावर लिहिलं, 'शाब्दिक उदाहरणे – आलेखाने सोडवा', आणि आलेखाचे कागद वाटले. बारीक चौकटींचे ते कागद हातोहात मागच्या बाकापर्यंत गेले. पोरं पट्ट्या शोधायला लागली, पेन्सिलींना टोकं काढायला लागली. आणि मला, दर वर्षीसारखंच, थोडा वेळ खिडकीशी जाऊन उभं राहावं लागलं.

मी ज्या वर्षी दहावीला होते, त्याच वर्षी माझी आईही दहावीला होती.

वर्गात मी हे कधी सांगितलेलं नाही. सांगायला लागले तर बाकीचंही सांगावं लागेल.

आमची वाडी डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला. पाऊसकाळात पाणी पार बांधाला येऊन भिडायचं आणि होळीच्या सुमाराला ते इतकं मागं हटायचं, की तळाची जुनी शेतं, बांध, एखाद्या विहिरीचा गोल कठडा असं सगळं उघडं पडायचं. चिखल वाळून त्याला भेगा पडायच्या. आईचं माहेर त्या पाण्याखाली गेलेलं. पाणी उतरलं की ती कडेला उभी राहून बोट दाखवायची, "त्यो उंचवटा दिसतोय का, थितं आमची शाळा व्हती." मला कधीच काही दिसायचं नाही. त्या शाळेतून ती आठवी पास होऊन निघाली होती. नववीला नाव घालायच्या आधीच घरात लग्नाचं बोलणं सुरू झालं. सतराव्या वर्षी ती या वाडीत आली आणि अठराव्या वर्षी मी झाले.

मी पाच-सहा वर्षांची असल्यापासून ती अंगणवाडीत मदतनीस होती. पोरांना घरोघर जाऊन गोळा करायचं, पाणी भरायचं, खिचडी शिजवायची, नाकं पुसायची. सेविका होत्या त्या म्हाताऱ्या बाई, दोन-एक वर्षांत निवृत्त होणाऱ्या. एक दिवस त्यांनीच आईला म्हटलं, "कमल, तू दहावी कर. माझ्या जागेवर दहावी पास बाई घेणार. पोरं तुलाच ओळखतात."

आईनं ते मनावर घेतलं. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसता येतं, हे तिला त्या बाईंनीच सांगितलं. फॉर्मला शाळा सोडल्याचा दाखला हवा होता, आणि शाळा तर पाण्याखाली. दप्तर कुठल्या गावी हलवलं ते विचारत ती चार वेळा एस.टी.नं हिंडली. पाचव्या वेळी दाखला घेऊनच आली. दारात उभी राहून तिनं तो आधी पदराला पुसला, मग आप्पांच्या हातात दिला. माझे वडील, आप्पा, गवंडीकाम करायचे. हाताला सिमेंट होतं म्हणून त्यांनी दाखला लांबूनच धरून वाचला आणि हसले. "आता मायलेकी एका बाकावर," म्हणाले.

मी हसले नाही. मला ते आवडलं नव्हतं.

का आवडलं नव्हतं, याचा मी पुढं खूप विचार केला. आई कमी शिकलेली आहे याची मला लाज वाटत नव्हती. आमच्या शाळेतल्या बहुतेकींच्या आया त्याहून कमी शिकलेल्या होत्या. पण दहावीचं वर्ष माझं होतं. मी वर्गात पहिली यायचे, सगळी वाडी मला 'औंदा दहावी ना?' म्हणून विचारायची, चहात माझ्यासाठी दूध जास्त पडायचं. त्या वर्षात आणखी कुणी येऊन बसावं, तेही खिचडीचा धूर लागलेल्या साडीत, हे मला खपत नव्हतं. पंधराव्या वर्षी माणूस किती कोता असतो, हे आता पंधरा वर्षांच्या साठ पोरांसमोर रोज उभी राहते तेव्हा कळतं. त्यांचा राग येत नाही. माझा मात्र येतो.

परीक्षेआधीची सुटी लागल्यावर, अंगणवाडी सुटली की दुपारी आम्ही दोघी वाडीतल्या बुद्धविहारात जाऊन बसायचो. घराच्या पत्र्याखाली त्या वेळी बसवत नसे. विहाराची फरशी गार असायची, भिंती निळ्या, आणि दाराबाहेर कडुलिंब. त्याचा मोहोर वाऱ्यानं आत यायचा आणि वहीवर पडायचा. आईला मराठी, इतिहास, विज्ञान जमत होतं. भूमितीसुद्धा पाठ करून का होईना जमत होती. अडलं ते बीजगणितात, आणि तिथंही आलेखापाशी.

गंमत अशी, की तिला उत्तर आधीच येत असे.

मी वाचायचे, "एका वर्गात मुलं-मुली मिळून अठ्ठावीस आहेत. मुली मुलांपेक्षा चारनं जास्त आहेत. तर मुलं किती, मुली किती?"

ती बोटाला बोट लावायच्या आत म्हणायची, "बारा पोरं, सोळा पोरी."

"कसं काढलंस?"

"जादाच्या चार पोरी बाजूला बसवल्या. ऱ्हायली चोवीस. निम्मी बारा. आमच्या अंगणवाडीत रोज असंच मोजते की मी, खिचडीला."

"तसं चालत नाही. मुलं क्ष धर, मुली य धर. दोन समीकरणं मांड. मग आलेख काढ."

"आगं, पन उत्तर आलंय ना?"

"मार्क उत्तराला नाहीत आई. मार्क कागदाला आहेत."

ती कागद पुढं ओढायची. आडवा अक्ष, उभा अक्ष. एक सेंटिमीटर म्हणजे किती, ते प्रमाण कोपऱ्यात लिहायचं. क्षला एक किंमत द्यायची, य काढायचा, बिंदू ठेवायचा. असे तीन बिंदू, मग पट्टी लावून रेषा. मग दुसऱ्या समीकरणाचे तीन बिंदू आणि दुसरी रेषा. बिंदू ठेवताना ती श्वास रोखायची. गोधडी शिवणारा हात, रेषा तिची माझ्यापेक्षा सरळ यायची. पण आडवं आधी की उभं आधी, यात ती हमखास चुकायची. बाराच्या जागी सोळा, सोळाच्या जागी बारा. मग रेषा भलतीकडेच जायच्या. कागद महाग नव्हते, पण ते घोडेगावाहून आणावे लागायचे, म्हणून ती चुकलेलं पुसायची आणि त्याच कागदावर पुन्हा काढायची. पुसून पुसून कागद दुधावरच्या सायीसारखा पातळ व्हायचा. एकदा तो माझ्या हातानं फाटला आणि मी ओरडले, "तुला नाही जमायचं. सोडून दे ना तू हे. माझा अभ्यास बुडतोय."

आईनं फाटलेले दोन तुकडे उचलले, जुळवून पाहिले आणि घडी करून वहीत ठेवले. "बरं, तू कर तुझं," म्हणाली. मग भिंतीकडं तोंड करून एकटीच काढत बसली.

दोन दिवस मी तिच्याकडं पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी वाईट वाटलं म्हणून एक उदाहरण मीच रचलं. "दोघींच्या वयांची बेरीज अठ्ठेचाळीस. मोठी धाकटीपेक्षा अठरा वर्षांनी मोठी. आलेखानं सोडव. तोंडी सांगायचं नाही."

ती ओठ घट्ट मिटून कामाला लागली. या वेळी तिनं प्रत्येक बिंदू ठेवण्याआधी आडव्या अक्षावर बोट फिरवलं, मग उभ्या. पहिली रेषा वरून खाली आली. दुसरी खालून वर निघाली आणि पहिलीला छेदून गेली. तिनं त्या जागेवर पेन्सिलीचं टोक टेकवलं, तिथून खाली आली, मोजलं. तेहेतीस. मग डावीकडं गेली, मोजलं. पंधरा.

"आगं, ह्या तर आपुनच!" ती इतक्या मोठ्यानं हसली, की कडुलिंबावरचे कावळे उडाले. मग हसू थांबलं तरी ती कागदाकडं बघतच राहिली. "मला वाटायचं, उत्तर म्हाईत असताना ह्यो कागद कशाला. पन हितं दिसतंय गं डोळ्याला. कसं ते दिसतंय."

मी आज वर्गात आलेख शिकवते तेव्हा 'डोळ्याला दिसतं' हेच सांगते. हे वाक्य माझं नाही.

मार्च आला. परीक्षेचं केंद्र घोडेगावला. आम्हा दोघींचं केंद्र एकच शाळा निघाली, फक्त बाहेरून बसणाऱ्यांची खोली मैदानापलीकडच्या इमारतीत. वाडीतल्या लोकांना आईचं माहीत होतं, पण माझ्या वर्गातल्या मैत्रिणी इतर गावांच्या, त्यांना मी काहीच सांगितलेलं नव्हतं. मी आईला म्हटलं, "तू सातच्या गाडीनं पुढं जा, तुला तिथं शांतपणे वाचता येईल. मी नऊच्या गाडीनं येते." तिनं एकदाही का म्हणून विचारलं नाही. मराठीच्या पेपरला ती सातच्या गाडीनं गेली. हिंदीलाही, इंग्रजीलाही. खिचडी करायला आप्पांनी त्या दिवसांत चुलतीला पाठवलं. पेपर संपला की मी मैत्रिणींबरोबर रेंगाळायचे आणि ती पुढच्या गाडीनं घरी गेलेली असायची.

बीजगणिताच्या दिवशी सातची गाडी आलीच नाही. आमच्याकडं गाड्यांचं तसंच होतं. आई फाट्यावर दोन तास बसून होती. मी नऊला पोचले, तेव्हा ती दगडावर बसून वही वाचत होती. एकाच गाडीनं आम्ही निघालो. ती मागं बायकांत बसली, मी पुढं. उतरल्यावर मी भराभर चालायला लागले. ती मागं राहिली, पण शाळेच्या फाटकाशी गर्दी होती. तिथं मला थांबावं लागलं आणि तिनं मला गाठलं. नेमकी त्याच वेळी वैशाली आली. माझ्या बाकावर बसणारी, मास्तरांची मुलगी.

"अय्या, तुझी आई आलीय सोडायला? किती छान!"

आईच्या हातात पारदर्शक पिशवी होती. तिच्यात हॉलतिकीट, दोन पेनं, पेन्सिल, आणि पिशवीत मावत नव्हती म्हणून वर निघालेली एक फूटपट्टी. मी त्या पिशवीकडं पाहिलं. मग वैशालीकडं पाहिलं.

"हो," मी म्हटलं.

आईनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. इतक्या चटकन तिनं पिशवी पदराखाली घेतली, की जणू हे ठरलेलंच होतं. "व्हय, सोडायला आले," ती म्हणाली. "नीट लिवा गं पोरींनो. घाई करू नका."

पट्टीचं टोक पदराबाहेर राहिलं होतं. वैशालीला ते दिसलं. "अगं सुजाता, पट्टी राहिलीय तुझी आईकडं. घे ना, आज आलेख आहे."

माझी पट्टी माझ्या दप्तरात होती. मला तेव्हा हसून काहीही म्हणता आलं असतं. मी काही म्हणायच्या आत आईनं पट्टी काढून माझ्यापुढं धरली. "हां, घे बाय. इसरत व्हतीस." मी ती घेतली.

आत जाताना मी मागं वळून पाहिलं. ती फाटकाबाहेरच्या गुलमोहराखाली उभी होती, बाकीच्या आया उभ्या होत्या तशीच. आम्ही सगळ्या आत जाईपर्यंत ती हलणार नव्हती. माझी जागा खिडकीकडची होती. घंटा झाली, उत्तरपत्रिका वाटून झाल्या, मी नंबर घालत होते, आणि मैदानातून ती पळत जाताना दिसली. एका हातात निऱ्या वर धरलेल्या, दुसऱ्या हातात पिशवी. मैदानात दुसरं कुणीच नव्हतं. उन्हात ते मैदान खूप मोठं दिसत होतं. मागच्या बाकावरची कुणीतरी म्हणाली, "ही कोण बाई गं?" मी नंबर घालत राहिले.

आलेखाचा प्रश्न आला होता. माझ्याकडं दोन पट्ट्या होत्या.

त्या दिवशी घरी आल्यावर मी तिची पट्टी कोनाड्यात ठेवली. ती भाकरी थापत होती. मी विचारलं, "आलेख काढलास?"

"काढला की. हॉलतिकिटाच्या कडंनं मारल्या रेघा."

"मागायची ना कुणाकडं."

"वर्गात समदी अनोळखी मानसं. कुनाला मागायची?" तिनं भाकरी उलटली. "रेघा जरा वाकड्या आल्या. बघू. तुझा कसा गेला?"

"चांगला गेला," मी म्हटलं. खरंच चांगला गेला होता.

जूनमध्ये निकाल लागला. मी शाळेत पहिली आले. आई सगळ्या विषयांत पास झाली आणि बीजगणितात चार मार्कांनी राहिली. वाकड्या रेषांचे ते मार्क होते, की पळत येऊन धाप लागल्यावर गेलेल्या मिनिटांचे, की तिचं आडवं-उभं पुन्हा चुकलं होतं, हे मला कधीच कळणार नाही. मी गणित शिकवते, पण हे उदाहरण मला सोडवता येत नाही. त्यातलं एक समीकरण माझ्याकडं नाही.

वाडीत पेढे तिनंच वाटले. "अन तुझं गं, कमल?" बायका विचारायच्या. "माझं एक ऱ्हायलंय," ती सांगायची, एखादी वस्तू बाजारातून आणायची राहून जावी तसं.

म्हाताऱ्या सेविकाबाई पावसाळ्यात निवृत्त झाल्या. त्यांच्या जागेवर वाडीतलीच एक नवी सून आली, बारावी झालेली. चांगली मुलगी होती. रीतसरच झालं सगळं, बोट कुणाकडं दाखवावं असं काही नव्हतं. आईनं तिला एकेका पोराचं नाव सांगितलं, कोण भूक लागली की रडतं, कोण झोप आली की. आणि खिचडी टाकायला चुलीपाशी गेली.

मी अकरावीला मंचरला मावशीकडं राहायला गेले होते. सप्टेंबरात आईचा निरोप आला, 'आक्टोबरला परत बसते हाय. रैवारी येशील का?' मी प्रत्येक रविवारी गेले. पहाटेच्या गाडीनं जायचे, संध्याकाळच्या गाडीनं परत. पाऊस लागलेला असायचा, विहाराच्या दारातून पावसाची झड आत यायची, धरण काठोकाठ भरलेलं असायचं आणि तिची शाळा पुन्हा खोल गेलेली. मी ओरडले नाही. एकही कागद मी तिला पुसू दिला नाही, दर वेळी नवा दिला. चौथ्या रविवारी तिनं सहा उदाहरणं काढली आणि सहाही बरोबर आली. फाटकापाशचं तेव्हा बोलायला हवं होतं. आम्ही दोघीच होतो, बाहेर पाऊस पडत होता, ती खुशीत होती. मी म्हटलं, "पेन्सिलीला टोक नीट काढून ने." एवढंच.

ती पास झाली. जागा गेलेली होती, तरी पास झाली. मार्कलिस्ट आली, त्या दिवशी तिनं अंगणवाडीतल्या पोरांना खिचडीत गूळ घालून दिला म्हणे.

पुढं सात-आठ वर्षं ती मदतनीसच राहिली. मी पदवी घेतली, बी.एड. केलं, नोकरीला लागले. पहिल्या पगाराची साडी तिला नेसवली तेव्हा तिच्या पायांवर सूज दिसली. किडनी, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा बराच उशीर झालेला होता. चाळिशी नुकती ओलांडली होती तिनं. पुढचं वर्ष दवाखान्यांतच गेलं. शेवटी मंचरच्या एका दवाखान्यात तिला ठेवलं. तेही मार्चचेच दिवस होते. वॉर्डाच्या खिडकीतून रस्त्यावरून परीक्षेला जाणारी पोरं दिसायची, हातात पारदर्शक पिशव्या घेतलेली. आई उशीला टेकून त्यांच्याकडं बघत राहायची.

एका दुपारी सिस्टर सुई लावायला आली. बोलकी होती. "मावशी, ही कोण तुमची?"

"लेक माझी. हायस्कुलात गणित शिकवती." आईला बोलताना दम लागायचा, तरी ती उठून बसली. "आमी दोघी एकाच वर्षी दहावीला व्हतो. एका गाडीनं गेलो, एकाच शाळंत पेपर दिला."

"अगं बाई! खरंच? मग दोघी पास?"

"ही पुढं गेली. मी मागनं आले," आई म्हणाली आणि हसली. त्या हसण्यात कुठं काही टोचणारं आहे का, ते मी शोधलं. नव्हतं. जिनं इतकी वर्षं वाडीबाहेर कुणाला हे सांगितलं नव्हतं, ती परक्या सिस्टरला ते कौतुकानं सांगत होती.

सिस्टर गेली. मी स्टुलावर सरकून जवळ बसले. "आई, त्या दिवशी फाटकाशी मी–"

तिनं डोळे मिटूनच हात हलवला. "पानी दे जरा."

मी पाणी दिलं. दोन घोट प्याली. मग माझा हात तिनं स्वतःच्या पोटावर ठेवून घेतला आणि तशीच झोपली.

त्यानंतर ती आठ दिवस होती. त्या आठ दिवसांत आम्ही पुष्कळ बोललो. आप्पांच्या खोकल्याबद्दल, नव्या सेविकेच्या बाळाबद्दल, माझ्या शाळेतल्या पोरांबद्दल. दर सकाळी मी ठरवायचे, की आज बोलायचंच. दर सकाळी ती इतकी थकलेली दिसायची, की मला वाटायचं, उद्या बोलू. नवव्या दिवशी मी खाली चहा आणायला गेले होते. वर आले तेव्हा आप्पा पायथ्याशी उभे होते आणि सिस्टर चादर वर ओढत होती.